एक ऑक्टोबरची वाट : नेब्रास्काचा फुटबॉल संघ, घरचा प्रशिक्षक आणि वैतागलेले चाहते

हे प्रकरण अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं आहे. काळ साधारण 2017 ते 2025. प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक ही सार्वजनिक पदं असल्यामुळे त्यांची नावं दिली आहेत. खेळाडू मात्र एकोणीस-वीस वर्षांचे विद्यार्थी होते आणि ज्या चुकांवरून त्यांना त्या वेळी भरपूर ऐकून घ्यावं लागलं, त्या पुन्हा नावानिशी उगाळण्यात अर्थ नाही. त्यामुळे इथे ते ‘क्वार्टरबॅक’ (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) किंवा ‘किकर’ (चेंडूला लाथ मारणारा) एवढेच आहेत.

पार्श्वभूमी

आपल्याकडे विद्यापीठाच्या संघाचा सामना म्हणजे मैदानाच्या कडेला पंचवीस-तीस माणसं, आणि त्यातलीही निम्मी राखीव खेळाडू. नेब्रास्कात गणित उलटं आहे. राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आतबाहेर. व्यावसायिक फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीतला एकही संघ राज्यात नाही. जे काही आहे ते लिंकनमधलं मेमोरियल स्टेडियम आणि लाल कपड्यातले ‘हस्कर्स’. स्टेडियमची क्षमता सुमारे 85 हजार. सामन्याच्या शनिवारी ओमाहा आणि लिंकन यांच्यानंतर राज्यातलं तिसरं मोठं गाव हेच, असं तिथे म्हणतात आणि ते खरंही आहे. 1962च्या नोव्हेंबरपासून इथल्या प्रत्येक घरच्या सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. तिकिटं वारशाने चालत येतात. पाहुणा संघ जिंकून बाहेर पडत असला तरी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, ही इथली जुनी रीत.

फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. टॉम ऑस्बोर्न हे 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होते आणि शेवटच्या चार वर्षांत त्यांनी 1994, 1995 व 1997 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं आणली. 1969 ते 2001 या काळात संघाने एकाही हंगामात नऊपेक्षा कमी सामने जिंकले नव्हते. त्यामुळे चाहत्यांची एक अख्खी पिढी नऊ विजय म्हणजे किमान हक्क असं समजत वाढली.

हीच सवय पुढे नडली. 2003मध्ये फ्रँक सोलिच यांना नऊ विजय आणि तीन पराभव अशा हंगामानंतर काढलं. त्यांच्या जागी आलेले बिल कॅलहन चार वर्षांत गेले. नंतरच्या बो पेलिनी यांनी सातही हंगामांत नऊ किंवा दहा सामने जिंकले, पण जवळजवळ दरवर्षी चार हरले. त्यांनाही 2014मध्ये नारळ मिळाला. माइक रायली यांचा तीन वर्षांचा हिशोब 19 विजय, 19 पराभव. 2017 संपताना नेब्रास्काच्या चाहत्यांना प्रशिक्षक बदलण्याचा अनुभव होता, बदलून बरं झाल्याचा नव्हता.

त्या वेळी समोर नाव आलं स्कॉट फ्रॉस्ट यांचं. याच राज्यातल्या वुड रिव्हर या छोट्या गावचा मुलगा, 1997च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा जो संघ 2015मध्ये बाराही सामने हरला होता, तो त्यांनी दोन वर्षांत अपराजित केला. घरचा, जिंकलेला आणि देशभर मागणी असलेला! 2 डिसेंबर 2017ला नेमणूक जाहीर झाली. सात वर्षं, साडेतीन कोटी डॉलर. या नेमणुकीला त्या वेळी कुणी विरोध केल्याचं निदान माझ्या वाचनात नाही. आज जे ‘आम्ही तेव्हाच म्हणालो होतो’ म्हणतात, त्यांनी तेव्हा फटाके फोडले होते.

अडचण

2018चा पहिला सामना विजांच्या वादळामुळे रद्द झाला. त्यानंतरचे सहा सामने संघ ओळीने हरला. विद्यापीठाच्या इतिहासात अशी सुरुवात कधीच झाली नव्हती. तरी शेवटच्या सहांपैकी चार जिंकल्यामुळे ‘गाडी रुळावर येते आहे’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. 2019ला पाच विजय, सात पराभव. कोविडच्या 2020मध्ये तीन विजय, पाच पराभव. हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यासाठी साधारण सहा विजय लागतात, म्हणजे तिथेही पोचता येत नव्हतं. ज्या संघाने 1969 ते 2003 अशी सलग पस्तीस वर्षं बोल सामना खेळला, त्याच्या चाहत्यांना डिसेंबर मोकळा जाणं हेच मुळात नवं होतं.

पण खरा वैताग 2021चा, आणि या प्रकरणाचं मर्मही त्याच हंगामात आहे. तीन विजय, नऊ पराभव. पराभवांचे फरक असे : 8, 7, 3, 3, 7, 5, 9, 7, 7. नऊ सामने मिळून फक्त 56 गुण. उलट तीन विजयांमधली आघाडी 119 गुणांची. म्हणजे बारा सामन्यांत नऊ हरूनही संघाने प्रतिस्पर्ध्यांपेक्षा 63 गुण जास्त केले होते. मिशिगन, ओहायो स्टेट, ओक्लाहोमा या तगड्या संघांशी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत झुंज, आणि मग काहीतरी एक माती खाणं : पंट (ताबा सोडताना चेंडूला मारलेली लांब लाथ) चुकीच्या बाजूला जाणं, पंट अडवला जाणं, शेवटच्या मिनिटांत चेंडू हातून निसटणं.

हे आकडे दोन प्रकारे वाचता येतात. विद्यापीठाने ते ‘नशीब फिरलं की आपण नऊ जिंकतो’ असे वाचले. चाहत्यांनी ते ‘प्रशिक्षकाला शेवटची दहा मिनिटं सांभाळता येत नाहीत’ असे वाचले. एका हंगामापुरतं पहिलं वाचन बरोबर असू शकतं. थोड्या फरकाचे निकाल कधी इकडे, कधी तिकडे झुकतात, हे खेळाचं गणित आहे. पण फ्रॉस्ट यांच्या पूर्ण कारकिर्दीत आठ किंवा त्याहून कमी गुणांनी निकाली निघालेले 27 सामने झाले आणि त्यातले 22 ते हरले. नाणं सत्तावीसदा उडवून बावीसदा काटा पडला तर माणूस नाणं तपासतो.

आणखी एक गोष्ट चाहत्यांच्या मनात सलत होती. मार्च 2021मध्ये बातमी आली की ओक्लाहोमाविरुद्धचा ठरलेला सामना टाळून सोपा घरचा सामना घ्यायचा प्रयत्न विद्यापीठ करत आहे. ओक्लाहोमा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रतिस्पर्धी. टीका झाली, सामना ठरल्याप्रमाणे झाला, नेब्रास्का 23-16 हरला. हरण्यापेक्षा पळ काढायचा विचार झाला हे जास्त झोंबलं. त्याच हंगामात काही सामन्यांची उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन गरजू घरांतल्या मुलांना दिली. कल्पना चांगली, मुलांना सामना बघायला मिळाला. पण ‘तिकिटं संपली’ या साठ वर्षांच्या मालिकेला ठिगळ लागलं हे सगळ्यांना दिसलं, आणि असली मालिका मोजावी की नाही यावर वाद झडले.

आधीचा एक निर्णय

इथे थोडं मागे जायला हवं. 16 नोव्हेंबर 2019ला, म्हणजे हंगाम चालू असताना, संघाचे चार विजय आणि पाच पराभव झालेले असताना, तेव्हाचे क्रीडा संचालक बिल मूस यांनी फ्रॉस्ट यांचा करार दोन वर्षांनी वाढवून 2026पर्यंत नेला. तोवर फ्रॉस्ट यांचा एकूण हिशोब आठ विजय, तेरा पराभव असा होता आणि मूळ कराराची पाच वर्षं अजून शिल्लक होती.

मग वाढवला कशाला? यामागचा नेहमीचा युक्तिवाद भरतीचा असतो. शाळकरी खेळाडूला चार वर्षांसाठी बोलावताना ‘हे प्रशिक्षक तोवर असतील’ असं सांगता यावं लागतं. युक्तिवाद चुकीचा नाही, पण पाच वर्षं हातात असताना लागू पडणारा नाही. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये मुदतीआधी काढलं तर प्रशिक्षकाला मोठी भरपाई द्यावी लागते, आणि करार लांबला की भरपाईही फुगते. चाहत्यांचा राग पुढे ज्या भिंतीवर आपटत राहिला, ती भिंत या दिवशी चढली. हे काम शांतपणे झालं. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष विस्कॉन्सिनविरुद्धच्या सामन्याकडे होतं, आणि तोही संघ हरला.

पर्याय

जून 2021मध्ये मूस गेले. जुलैत ट्रेव्ह आल्बर्ट्स आले, हेही इथलेच माजी खेळाडू. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओहायो स्टेटविरुद्ध हरल्यावर संघ तीन विजय, सात पराभव इथे होता आणि निर्णय टाळणं शक्य नव्हतं. आल्बर्ट्स यांच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

लगेच काढायचं, ही बऱ्याच चाहत्यांची मागणी. त्यासाठी दीड कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले असते, पण नव्या माणसाला शोध आणि भरती या दोन्हींसाठी पुरेसा वेळ मिळाला असता.

काहीच न करता पुढचा हंगाम बघायचा, ही वाट कुणालाच पटणारी नव्हती.

तिसरी वाट म्हणजे ठेवायचं, पण अटी बदलून. 8 नोव्हेंबर 2021ला हीच जाहीर झाली. फ्रॉस्ट यांचं वार्षिक मानधन 50 लाख डॉलरवरून 40 लाखांवर आलं. भरपाईची रक्कम दीड कोटी राहील, पण 1 ऑक्टोबर 2022नंतर काढलं तर ती निम्मी, 75 लाख होईल, असं ठरलं. त्याच दिवशी आक्रमण फळीच्या चार सहायक प्रशिक्षकांना निरोप देण्यात आला. हंगामातले दोन सामने बाकी होते, ते त्यांच्याविना खेळले गेले.

कागदावर हा तोडगा हुशारीचा वाटतो. विद्यापीठाचे पैसे वाचले, प्रशिक्षकाला संधी मिळाली, त्याने पगार कमी घेऊन नम्रताही दाखवली. पण चाहत्यांनी दोन गोष्टी टिपल्या. पहिली, चार वर्षांची जबाबदारी चार सहायकांच्या डोक्यावर फुटली. दुसरी जास्त महत्त्वाची : करारात एक तारीख आली. सरकारी विद्यापीठाचे करार सार्वजनिक असतात, त्यामुळे ती लपून राहिली नाही. ‘एक ऑक्टोबर’ हा शब्दप्रयोग त्या हिवाळ्यातच रूढ झाला. ज्या माणसाला आपण आणखी एक संधी देत आहोत त्याच्याच गळ्यात घड्याळ बांधायचं, आणि वर त्याने लोकांना विश्वास ठेवा म्हणायचं!

काय केलं गेलं

बदल खरोखर झाले, हे मान्य करायला हवं. पिट्सबर्गहून मार्क व्हिपल आले आणि डाव आखण्याचं काम फ्रॉस्ट यांनी त्यांच्याकडे सोपवलं. लुइझियाना स्टेटहून मिकी जोसेफ आले. किकिंगच्या पथकांना स्वतंत्र प्रशिक्षक मिळाला. चार हंगाम खेळलेला क्वार्टरबॅक दुसऱ्या विद्यापीठात गेला, त्याच्या जागी टेक्ससहून नवा आला. उन्हाळ्यात फ्रॉस्ट यांनी रेडिओवर कौतुकाने सांगितलं की आघाडीच्या फळीतली मुलं सरावात ओकेपर्यंत मेहनत करत आहेत. यावर टीका झाली. दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य ‘काय कष्टाळू पोरं’ म्हणून मिरवलं गेलं असतं. विश्वास आटला की तेच बोलणं वेगळं ऐकू येतं.

डब्लिन, 27 ऑगस्ट 2022

हंगामाचा पहिला सामना आयर्लंडमध्ये, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. हजारो चाहते समुद्रापार गेले. स्टेडियममधली पैसे घ्यायची यंत्रणा बंद पडल्यामुळे बिअर फुकट वाटली गेली, हा त्या दिवसाचा एकमेव फायदा.

सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात नेब्रास्का 28-17ने पुढे होता. गुण केल्यावर चेंडू लांब मारून प्रतिपक्षाला देतात. त्याऐवजी फ्रॉस्ट यांनी ‘ऑनसाइड किक’चा इशारा दिला. म्हणजे चेंडू आखूड मारायचा आणि किमान दहा यार्ड गेल्यावर आपणच झडप घालायची. हा डाव साधारणपणे मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटांत, दुसरा इलाज नसताना खेळतो. अकरा गुणांनी पुढे असताना, प्रतिपक्ष ढेपाळलेला असताना तो खेळणं म्हणजे एका फटक्यात सामना संपवायची घाई. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला, तोही मैदानाच्या मध्याजवळ. त्यांनी टचडाउन केला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले, नंतर आणखी एक केला. नेब्रास्काला पुढे एकही गुण मिळाला नाही. अंतिम गुणसंख्या 31-28.

फ्रॉस्ट यांनी नंतर किकची जबाबदारी स्वतःवर घेतली. पण त्याच पत्रकार परिषदेत आक्रमणाच्या सहायकांनी जास्त कल्पकता दाखवायला हवी अशा अर्थाचं बोलले. दहा महिन्यांपूर्वी चार सहायक गेले होते, आणि आता पुन्हा बोट सहायकांकडेच! माझ्या मते चाहत्यांशी असलेलं नातं त्या दिवशी तुटलं ते किकमुळे नाही, या वाक्यामुळे.

10 सप्टेंबर आणि नंतरची सकाळ

दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्न हा तुलनेने लहान संघ लिंकनला आला. असे सामने यजमानाने मोठी रक्कम देऊन, जिंकण्यासाठीच ठरवलेले असतात. पाहुण्यांचे प्रशिक्षक क्ले हेल्टन. बरोबर वर्षापूर्वी, 2021च्या सप्टेंबरात, सदर्न कॅलिफोर्नियाने हंगामाचे दोन सामने होताच काढलेले तेच हेल्टन.

जॉर्जिया सदर्नने चेंडू एकूण 642 यार्ड पुढे नेला. नेब्रास्काने 42 गुण केले. मेमोरियल स्टेडियममध्ये 35 किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का तोवर 214 वेळा जिंकला होता आणि एकदाही हरला नव्हता. 36 सेकंद उरले असताना पाहुण्या क्वार्टरबॅकने स्वतः धावत जाऊन टचडाउन केला. अखेरच्या क्षणी नेब्रास्काच्या किकरने 52 यार्डांवरून मारलेला फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून चेंडू मारायचा प्रयत्न, हुकला. 45-42. आणखी एक थोडक्यात गेलेला सामना, पण या वेळी समोर ओहायो स्टेट नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आल्बर्ट्स यांनी फ्रॉस्ट यांना पदावरून काढलं. भरपाई पूर्ण, दीड कोटी डॉलर. एकूण हिशोब 16 विजय, 31 पराभव. करार वाढवल्यानंतरचा हिशोब आठ विजय, अठरा पराभव.

एक ऑक्टोबरला वीस दिवस उरले होते. वेळापत्रक बघितलं तर मधल्या काळात एकच सामना होता, 17 सप्टेंबरचा, ओक्लाहोमाविरुद्ध घरच्या मैदानावर. त्यानंतरचा आठवडा मोकळा, आणि पुढचा सामना थेट 1 ऑक्टोबरलाच. म्हणजे एका सामन्यापुरतं थांबलं असतं तर 75 लाख डॉलर वाचले असते. एवढी किंमत मोजून काय मिळालं? निकाल तर मिळाला नाही. हंगामी प्रशिक्षक मिकी जोसेफ यांच्या हाताखाली संघ ओक्लाहोमाकडून 14-49 असा चिरडला गेला.

तरीही हा निर्णय मला बरोबर वाटतो. थांबायचं ठरवलं असतं तर ज्याला जायचंच आहे हे सगळ्या राज्याला ठाऊक आहे अशा माणसाला जुन्या प्रतिस्पर्ध्यापुढे, भरल्या स्टेडियममध्ये उभं करावं लागलं असतं, आणि खेळाडूंना त्याचे इशारे पाळावे लागले असते. शिवाय मोकळ्या आठवड्यासकट तीन आठवडे जोसेफ यांना संघाची घडी बसवायला मिळाले. 1 ऑक्टोबरला त्यांनी इंडियानाला हरवलं. पैशांचं म्हणाल तर 75 लाख त्या रविवारी गेले नाहीत. ते 2019च्या नोव्हेंबरातच गेले होते, पावती उशिरा आली.

परिणाम

जोसेफ हे नेब्रास्काच्या कुठल्याही खेळातले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले, भले हंगामी असोत. त्यांच्या काळात तीन विजय, सहा पराभव. शेवटच्या दिवशी आयोवाला 24-17 हरवून त्या संघाविरुद्धची सात पराभवांची मालिका तोडली. दुसऱ्याच दिवशी मॅट रूल यांची नेमणूक जाहीर झाली. आठ वर्षं, 7 कोटी 40 लाख डॉलर.

चाहते गेले का? नाहीत. 30 ऑगस्ट 2023ला याच मेमोरियल स्टेडियममध्ये विद्यापीठाच्या महिला संघाचा व्हॉलीबॉल सामना ठेवला गेला, तेव्हा 92,003 लोक आले. वैतागलेला चाहता आणि निघून गेलेला चाहता यांत फरक असतो, आणि विद्यापीठं बहुधा पहिल्याला बघून दुसऱ्याची भीती बाळगतात.

संघ सुधारला का, याचं उत्तर तेवढं सरळ नाही. 2023मध्ये रूल यांचे आठ सामन्यांत पाच विजय झाले होते, बोलसाठी फक्त एक हवा होता. राहिलेले चारही सामने हरले : 3, 3, 7 आणि 3 गुणांनी. प्रशिक्षक बदलला, क्वार्टरबॅक बदलले, आणि दुखणं तेच. ते आधीच्या प्रशिक्षकाचं नव्हतंच असं यावरून सिद्ध होत नाही, पण एका माणसाला काढलं की ते जातं ही चाहत्यांची खात्रीही खोटी ठरली. 2024मध्ये सात विजय, सहा पराभव, आणि 2016नंतरचा पहिला बोल सामना. न्यू यॉर्कमध्ये बॉस्टन कॉलेजवर 20-15 असा विजय.

आल्बर्ट्स मात्र मार्च 2024मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठात गेले. या विद्यापीठाने काही महिन्यांपूर्वीच आपल्या प्रशिक्षकाला काढताना साडेसात कोटी डॉलरहून जास्त भरपाई कबूल केली होती. त्यापुढे लिंकनचा आकडा किरकोळच.

वेगळं काय करता आलं असतं

नेमणूक चुकली असं मी म्हणणार नाही. त्या दिवशीच्या माहितीवर ती योग्य होती. 2021ला अटी बदलून ठेवणंही समजण्यासारखं आहे, फक्त तारखेऐवजी अट निकालाशी बांधायला हवी होती. ‘सहा विजय झाले नाहीत तर भरपाई निम्मी’ असं कलम असतं तर चाहते विजय मोजत बसले असते, दिवस नव्हे.

थोडक्यात हरण्याकडे ‘जवळ आलो’ म्हणून बघणं दुसऱ्याच वर्षी थांबवायला हवं होतं. पंट आणि किकमधल्या चुका तीन हंगाम डोळ्यांसमोर घडत होत्या. स्टेडियममधल्या आजोबांनाही त्या दिसत होत्या, आणि या बाबतीत त्यांची तक्रार तांत्रिकदृष्ट्या अचूक होती. त्या कामाला स्वतंत्र प्रशिक्षक 2021 संपता संपता आला. चाहत्यांच्या रागातून आरडाओरडा वगळून नेमकी तक्रार वेगळी काढायचं काम कुणाकडेच नव्हतं.

आणि करारवाढ. मुदत संपायला दोन वर्षं राहिलेली असल्याशिवाय आणि किमान एक हंगाम जिंकून संपवल्याशिवाय ती देऊ नये, एवढा साधा नियम पुरला असता. 2025च्या ऑक्टोबरअखेर, हंगाम चालू असतानाच, नेब्रास्काने रूल यांचा करार दोन वर्षांनी वाढवून 2032पर्यंत नेला. तेव्हा त्यांचे आठ सामन्यांत सहा विजय झाले होते, आणि मूळ कराराची पाच वर्षं अजून शिल्लक होती.